मागावरची पट्टी

आत्या, कोट नेला त्यांनी.

तुला आधी हेच सांगायला हवं, म्हणून इथूनच सुरुवात करते. राइस मिलमधून उडणाऱ्या कोंड्याचा कणही बसू नये म्हणून जुन्या पातळाच्या खोळीत घालून तू हुकाला लावलेला तो काळा कोट आता दुकानात नाही. हूक आहे. खोळ मी घडी करून मशीनवर ठेवली. छातीवर उलटून पडणारी त्याची कॉलर अजून उघडीच होती. तिच्यावर तुझे कच्चे टाके होते, पांढऱ्या दोऱ्याचे, लांब लांब, रेशमाची पट्टी आली की उसवून टाकायचे म्हणून घातलेले. ते टाके अंगावर घेऊनच कोट दाराबाहेर गेला.

तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे मला म्हणाले, तू घरातली शिकलेली, आत्याबद्दल दोन शब्द बोल. मी उभी राहिले. समोर विहारातल्या बाया, दिघोरीहून आलेले बाबा, तुझी जुनी गिऱ्हाइकं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की पट्टी अजून आली नाही. हे कसं बोलणार? 'माझी आत्या फार कष्टाळू होती,' एवढं म्हणून मी खाली बसले. तू असतीस तर घरी आल्यावर म्हणाली असतीस, कष्टाळू तं बैलही असते, त्यात काय सांगितलं मॅडम.

म्हणून हे लिहिते आहे. मला अशी सवय नाही. परीक्षेत लिहिते तसं होईल की काय, भीती वाटते.

मला तुझ्याबद्दल पहिलं आठवतं ते असं: मी कॉलेजसाठी दिघोरीहून तुमसरला तुझ्याकडे राहायला आले, तेव्हा दुकानात एक मोठा माणूस हात आखडून उभा होता आणि तू टेप घेऊन त्याच्यापुढे. मामाजी गेल्यावर तू नवऱ्याचं ते मशीन चालवायला घेतलंस, पण बाईला कोटाचं माप द्यायला पुरुष लाजत. तू त्याला म्हणालीस, "लाजून कायले राहिला बापू? मी कोटाचं माप घेऊन राहिली, तुहं नाही." तो हसला आणि त्याचे खांदे सैल सुटले. तू तेवढ्यात खांद्याचं माप घेऊन टाकलंस. नंतर मला सांगितलंस की माणूस हसला की खांदा खरा होतो, ताठ उभ्या माणसाचं माप घेतलं की कोट आयुष्यभर ताठच राहतो.

तू लग्नाचे कोट शिवायचीस. त्यातही आपल्या लोकांच्या लग्नांचे जास्त. आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर तो निळ्या कोटातला फोटो असतो, तसा दुकानातही होता, कटिंगच्या टेबलासमोर. लोक त्याला हार घालतात. तू हार घालून झाला की जवळ जाऊन कॉलर बघायचीस. कुठून वळली आहे, खांद्याला किती टेकली आहे. एकदा मी विचारलं की रोज काय बघतेस. तू म्हणालीस, "आपल्या लोकाइच्या अंगावर कोट सोप्यानं नाही आला पोरी. म्हणून खोटा नाही शिवाचा." एवढंच म्हणालीस आणि कात्री उचललीस.

त्या 'खोटा' शब्दावरूनच आपलं भांडण सुरू झालं. ते संपलं नाही. मला वाटतं, ते आता माझ्या एकटीजवळच राहणार.

कुंदाबाई, तुझी विहारातली मैत्रीण, आपल्या मुलाला, निखिलला, घेऊन आल्या तो दिवस. निखिल बँकेत लागलेला, लग्न ठरलेलं, आणि रिसेप्शन संध्याकाळी लॉनवर. त्यानं फोनवर फोटो दाखवला. रात्रीच्या मेजवानीला साहेब लोक घालतात तसला काळा कोट. कापड काळंच, पण कॉलर वेगळ्या रेशमाची, बटणांवर तेच रेशीम मढवलेलं, पँटच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत त्याच रेशमाची पट्टी. तू फोन हातात घेऊन फोटो मोठा केलास, अजून मोठा केलास, नुसती कॉलर पडद्यावर राहीपर्यंत. कुंदाबाई म्हणाल्या, साटन लावून दे ना व, बाजारात चमकदार भेटते. तू मान हलवलीस. कोट होते म्हणालीस, पण ह्या कॉलरचं रेशीम कुठून आणू ते पाहू दे.

त्यांना वाटलं, दोन-चार दिवसांत होईल. मलाही तेच वाटलं.

मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून शोधलं. कॉलरसाठीचं रेशीम, मढवायची बटणं, रेशमी पट्ट्या. परदेशातल्या दुकानांची पानं उघडायची, इतके सुंदर फोटो, पण सगळे थानानं, म्हणजे अख्ख्या ताग्यानं, विकणारे. एकाला मी मोठ्या हिमतीनं इंग्रजीत लिहिलं की आम्हाला फक्त एका कोटापुरतं हवं आहे. त्यानं उत्तरच दिलं नाही. मी घरी येऊन सांगितलं की अख्खं थान घ्यावं लागेल. तू म्हणालीस, "तेवढ्यात तं तुमसरचे सारे नवरदेव निघतीन, अन् उरलेल्यात वराती." तू हसत होतीस, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंस, आज पाहिलं का मॅडम.

मग आपण नागपूरला गेलो, इतवारीत. एका दुकानात गादीवर बसलेल्या माणसानं काळी झगझगीत पट्टी गिरकी देऊन आपल्यासमोर पसरली. "प्युअर सिल्क है बहनजी, आँख मूंद के ले जाओ." तू म्हणालीस, "डोये मिटून नाही भाऊ, नाक उघडून घेतो मी." आणि पर्समधून काडेपेटी काढलीस. पट्टीच्या कडेचा एक धागा ओढून काढलास आणि त्याला काडी लावलीस. धागा आकसला, त्याच्या टोकाला काळा मणी झाला आणि प्लास्टिक जळल्याचा वास आला.

"हे पाय पोरी. मणी झाला. रेशमाचा मणी होत नसते, राख होते."

तो माणूस उठून उभाच राहिला. "दुकान जलाओगी क्या बहनजी?"

"मी कायले जाळू भाऊ? तुहा माल आपोआपच पेटते."

आपण तिथून अक्षरशः पळत निघालो. पुढच्या दुकानात तू काडेपेटी आधी लपवलीस आणि मग काढलीस. त्याच्या पुढच्या दुकानातही. सगळीकडे मणी. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये तुझ्या बोटांना काळं लागलेलं होतं. मी विचारलं की खऱ्या रेशमाला कसला वास येतो. तू म्हणालीस, केस जळल्याचा. कारण रेशीम म्हणजे एका जिवाच्या अंगातून निघालेलं, जसे आपले केस आपल्या अंगातले, म्हणून वास एकच. आणि राख अशी की चिमटीत धरली की पीठ. मी खिडकीबाहेर पाहत ऐकत होते. मला तेव्हा ते फक्त धाग्याबद्दल वाटलं.

मौदा गाव मागे गेलं असेल नसेल, तू एकदम कपाळावर हात मारलास. आजूबाजूचे लोक बघायला लागले.

"आपण नागपूर धुंडून राहिलो, अन् कोसा तं आंधळगावात बसून आहे."

खरंच आपल्याला सुचलं नव्हतं. कोसा, आपल्याकडचं रानातलं रेशीम, म्हणजे साडी, उपरणं, लग्नातलं धोतर. त्याची साहेबी कोटाला कॉलर होईल हे आपल्या दोघींच्या डोक्यात आलंच नाही. घराशेजारच्या विहिरीचं पाणी विसरून गावभर तहान सांगत फिरावं, तसं.

आंधळगावचा दिवस मी पुन्हा पुन्हा आठवते. बळीरामजींच्या घरात शिरलो तर आधी मागाचा आवाज आला, मग ते दिसले, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले, म्हातारे, चष्म्याच्या एका दांडीला दोरी. त्यांनी कोशाच्या धाग्याची लड आपल्या हातात दिली. मधाच्या रंगाची. तू ती गालाला लावलीस आणि लगेच काडेपेटी काढलीस. मला जमिनीत जावंसं वाटलं.

बळीरामजींचा हात थांबला. "बाई, आंधळगावात येऊन कोसा जाळून पाहणारी तू पयलीच."

तू डोळे मिटून वास घेत होतीस. राख चिमटीत धरून उडवलीस. मग म्हणालीस, "राग नका मानू. नागपूरनं माह्या नाकाचा भरोसा घालवला होता, तो वापस आणला तुम्ही."

ते हसले. पण तू काय हवं ते सांगितलंस तेव्हा हसू गेलं. आम्ही साडी विणतो, फीत नाही, म्हणाले. एवढ्याशा पट्टीसाठी माग मांडायचा म्हणजे उभा ताणा लावायचा, धागा न् धागा फणीतून ओवायचा, ते कोणी करत नाही. तू वाद घातला नाहीस. उंबऱ्यात बसलीस, ब्लाउजमध्ये खोचलेला मार्किंगचा खडू काढलास आणि त्यांच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर कॉलर काढलीस. पूर्ण मापाची. मग कॉलर कुठे वळते, उजेड कुठे पडतो, ते बोटानं दाखवत गेलीस. ते मागावरून उतरून तुझ्या शेजारी येऊन बसले. दोघं त्या खडूच्या रेघांकडे बघत राहिले, जसे लोक पाळण्यातल्या बाळाकडे बघतात.

मग त्यांनीच तोड काढली. मागावर आत्ता एक साडी चालू होती आणि तिचा ताणा साडीला लागतो त्यापेक्षा थोडा लांब होता. साडी पुरी होऊन उतरली की उरलेल्या ताण्यावर तुझी पट्टी विणू, म्हणाले. ताणा कोशाच्या रंगाचाच राहील, त्यात आडवा धागा काळा, जाड. त्यानं पट्टीवर बारीक उभार येईल आणि रंग धूपछाव दिसेल. दाखवायला म्हणून त्यांनी एक काळा आणि एक मधाळ धागा एकत्र पिळून बोटाभोवती गुंडाळला आणि दारातल्या उजेडात धरला. बोट फिरलं की काळं, पुन्हा फिरलं की आत कुठे तरी निखारा असल्यासारखं.

तुझा चेहरा, आत्या. मी तुला मामाजींच्या वेळचं फार पाहिलेलं नाही, तरुणपणातलं तर नाहीच. पण त्या दिवशी पाहिलं असं मला वाटतं. ते पाहायला मिळालं, त्याबद्दल मी कोणाचे आभार मानायचे?

"पण मागावर हाये ते आधी," बळीरामजी म्हणाले. "त्याले मी घाई करत नाही. तुम्हीबी करू नका."

"नाही करत," तू लगेच म्हणालीस.

मला घाई होती. लग्नाची तारीख मला पाठ होती. स्टँडवर आल्यावर मी तेच बोलायला लागले. की साडी वेळेत उतरली नाही तर? की निखिलला तर फोटोत चमकदार दिसलं म्हणजे झालं. की साटन आणि रेशीम, लॉनवरच्या त्या दिव्यांखाली, कोणाला कळणार आहे?

"कोणाला!" तू माझी नक्कल केलीस. "कॉलेजची भाषा बोलून राहिली."

"बरं, कोणाले. कोणाले कळणार हाये, सांग ना."

तू समोरच्या टपरीवरून भजी आणायला गेलीस. हे तुझं नेहमीचं. उत्तर नसलं की भजी. आणि उत्तर असलं तरी आधी भजी. त्या दिवशी यातलं कोणतं होतं ते मला कळलं नाही, आणि नंतर पावसाची सर आली, बस आली, विषय राहिला.

पुढे घरात तो विषय रोजच निघत होता. तू निखिलचा कोट उभा करत होतीस. आत कॅनव्हास, छातीला आकार, खांदा. खांदा तू तीनदा उसवलास. मी म्हणायची की आत्या, चांगला तर दिसतोय. तू म्हणायचीस, चांगला खांदा दिसत नसते, वाईट खांदाच दिसते, म्हणून चांगल्याले कोणी चांगलं म्हणत नाही. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं. कोट झाला. बाह्यांची काजं तू हातानं केलीस, अंगावर शाल घेऊन, कारण तुला ताप यायला लागला होता. मी दवाखान्यात चल म्हटलं की तू म्हणायचीस, पट्टी घेऊन येऊ अन् मंग जाऊ. कॉलरीवर कच्चे टाके घालून कोट हुकाला लावलास आणि त्या संध्याकाळी तू मशीनवर डोकं टेकवलंस. मला वाटलं, दोरा ओवते आहे.

भंडाऱ्याच्या दवाखान्याबद्दल मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी केलं ते सगळं. बाबा आले, आई आली. मी एकटी जवळ असताना तू विचारलंस की बळीरामजीले फोन लावला का. मी लावला होता. साडी अजून मागावर आहे, म्हणाले होते. मी तुला ते सांगितलं आणि मग माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, आत्या, मी उद्या साटन घेऊन येते, तू बरी झालीस की लावून टाक, मोकळी हो. तू मान हलवलीस. मी रडत होते, रागानं रडत होते, की तुझा जीव इथे असा आणि तू एका कॉलरीत अडकली आहेस. मी म्हटलं, कोणाले कळणार हाये ते एकदा तं सांग.

तू माझ्याकडे पाहिलंस. ओठ कोरडे पडले होते तुझे, तरी हसलीस असं मला वाटलं.

"पट्टी येऊ दे," म्हणालीस, "मंग सांगीन."

तुला उत्तर माहीत होतं. तुझ्या आवाजावरून मला तेव्हाच कळलं की तुला माहीत होतं. भज्यांसारखं तू ते माझ्यासाठी पुढे ठेवलंस, की चल, त्या निमित्तानं तरी आपण आंधळगावला पुन्हा जाऊ. मी धरून बसायला हवं होतं का, की आत्ताच सांग? मला माहीत नाही. त्यानंतर तू पाणी मागितलंस, तुझ्या आईचं नाव घेतलंस, आणि बोललीस असं काही नाही.

तुला निरोप द्यायला बायाही आल्या होत्या, आपल्यात येतात तशा. आम्ही जरा दूर लिंबाखाली उभ्या होतो. त्रिशरण झालं. बाबांनी अग्नी दिला. थोड्या वेळानं वारा आमच्याकडे फिरला आणि वास आला.

मी तो ओळखला, आत्या.

बाकी कोणाला तो नुसता तिथला वास होता. बायांनी पदर नाकाला लावला. मी लावू शकले नाही. तूच शिकवला होतास तो मला, इतवारीहून येताना, खिडकीशी. एका जिवाच्या अंगातून निघालेलं, म्हणाली होतीस.

तेव्हापासून मी काडेपेटीला हात लावलेला नाही. गॅस आई पेटवते.

कुंदाबाई आल्या त्या चपला दाराबाहेर काढून, रडत. लग्न तोंडावर होतं. मी त्यांच्यासमोरच बळीरामजींना फोन लावला. साडी उतरायची होती अजून. तू गेलीस हे मला त्यांना सांगवलं नाही, मी नुसतं किती राहिली आहे ते विचारलं. ते म्हणाले, "बाईले सांग, मागावरचं घाईनं तोडत नसते." मी हो म्हटलं. कुंदाबाईंना म्हटलं, काकू, थोडं थांबाल का. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, लग्न थांबत नाही व." यात त्यांचं काय चुकलं? मी स्टुलावर चढून कोट काढून दिला. खोळ त्यांनी नको म्हटली.

नागपूरला कुठेतरी त्यांनी तो पुरा करून घेतला.

रिसेप्शनला मी जाणार नव्हते. कुंदाबाईंनी दोनदा निरोप पाठवला, मग आई म्हणाली जाऊन ये, तिच्या हातचा कोट आहे. लॉनवर कमान, दिवे, गाणी. निखिल स्टेजवर उभा होता. कॉलर लखलखत होती, पावसात भिजलेल्या ताडपत्रीसारखी. बटणंही, पँटची पट्टीही. आणि सगळे म्हणत होते की काय दिसतो आहे, हिरो दिसतो आहे. मी त्या गर्दीत उभी राहून एकेका चेहऱ्याकडे बघत होते. मला काय हवं होतं ते आता सांगते. एक माणूस. कोणीही. त्या कॉलरकडे बघून ज्याचा डोळा थोडा अडखळेल. तुझ्या बाजूनं साक्ष द्यायला एक माणूस. म्हातारे होते, शिकलेले होते, नागपूरचे पाहुणे होते. कोणाचाही अडखळला नाही. माझ्या शेजारी एकानं निखिलला विचारलं, कोट कुठला रे? तो म्हणाला, नागपूरचा. तो खोटं बोलला नाही, शेवटचा हात नागपूरचाच होता. कुंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नंतर त्यांनी स्वतः माझं ताट वाढून आणलं, आणि मी जेवले.

खांदा मात्र तुझा होता. अगदी बरोबर बसला होता. म्हणून त्याच्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

फोटोसाठी मला स्टेजवर ओढलं. मी निखिलच्या बाजूला उभी राहिले आणि मला कॉलरच्या खालच्या बाजूला पांढरं काही दिसलं. तुझा कच्चा टाका. नागपूरच्या शिंप्यानं बाकीचे काढले होते, एक राहिला होता, बोटभर, वळणाच्या आत. सगळ्या लॉनवर तुझी म्हणून दाखवता येईल अशी तेवढीच खूण होती. मला वाटलं, राहू दे. त्याच्या अंगावर राहू दे, तो घरी नेईल, कपाटात ठेवील, तिथे तू असशील. पण तूच सांगायचीस की तयार कपड्यावर कच्चा टाका राहिला तर शिंप्याची लाज जाते. फोटोवाला 'इकडे बघा' म्हणत होता. मी म्हटलं, दादा, दोरा आहे, आणि तो ओढून काढला. निखिल थँक्यू म्हणाला.

तो दोरा मी मुठीत धरून परत आले. मी तुझी लाज राखली, आत्या, आणि त्या कोटावर उरलेली तुझी खूण माझ्याच हातानं काढून टाकली.

फोन त्यानंतर आला. बळीरामजी आनंदात होते. "बाईले सांग, पट्टी उतरली. घरचे सारे पाहून राहिले." मी पुन्हा हो म्हटलं. फोनवर माझ्यानं झालं नाही. मी कॉलेजला न जाता मोहाडीला बस बदलून आंधळगाव गाठलं. ते दारातच होते. माझ्या मागे बघत होते, गल्लीच्या वळणाकडे.

"बाई कुठं राहिली?"

मी सांगितलं. ते उंबऱ्यात बसले, तू बसली होतीस तिथेच. आतला माग बंद होता, त्यामुळे घर फार शांत होतं. सारवलेल्या जमिनीवर तुझा खडू नव्हता, वरून नवीन सारवण झालं होतं. मग ते उठून आत गेले आणि पांढऱ्या कापडाच्या धडप्यात गुंडाळलेली पट्टी घेऊन आले. त्यांनी ती माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. कोट कुठे आहे, आता तिचं काय करणार, हे त्यांनी विचारलं नाही. काडेपेटी मात्र पुढे केली. कडेचा एक धागा त्यांनी स्वतःच थोडा सोडवून ठेवला होता.

"जाळून पाय ना बेटा. तिनं पायलं असतं."

"नको, आजोबा," मी म्हटलं. "खरं आहे."

त्यांनी काडेपेटी खिशात ठेवली. दुसऱ्या बाजूला तोंड करून चष्मा पुसला.

आत्या, पट्टी तू सांगितलीस तशी झाली आहे. अंगठा फिरवला की बारीक उभार लागतो. सावलीत काळी. मी दुकानाच्या दारात नेऊन तिरकी धरली तेव्हा आतून तो रंग आला, निखाऱ्याचा. तो पाहायला मी शेजारी कोणाला बोलावलं नाही. बाबा म्हणतात, महिन्याअखेरीस दुकान सोडावं लागेल, मशीन दिघोरीला नेऊ. मला टीप मारता येत नाही, तुला ठाऊक आहे. आणि आली असती तरी कोणत्या कोटाला लावणार?

कटिंगच्या टेबलावर धडपा सोडून ठेवला आहे. त्यावर पट्टी आहे, तिच्याजवळ तुझा पांढरा दोरा. मी तुझ्या स्टुलावर बसले आहे. दार पुढे ओढलेलं आहे, गिऱ्हाईक कोणी येणार नाही, मला कुठे जायचं नाही. भजीही आणली आहेत.

पट्टी आली, आत्या. सांग आता.